कोर्टाची पायरी चढलेले वीर

चित्रकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मांडावा की नाही, याचा निकाल आपल्या समीक्षकांनी अजून लावलेला नाही. वाङ्मयाच्या इतिहासाचे जाड खंड चाळले तर कादंबरी, नाटक, लघुकथा, लघुनिबंध, इतकेच काय पण जात्यावरच्या ओव्या यांनाही त्यात जागा सापडते; मुखवटा चढवून गच्चीवरून उडी घेणाऱ्या वीराला मात्र बहुधा दारातूनच वाटेला लावलेले असते. मौज अशी की, जे काम समीक्षकांनी टाळले ते न्यायमूर्तींना करावे लागले. दोन वीर समोरासमोर उभे करायचे, एकाचा अंगरखा दुसऱ्याला कितपत बेतून बसला आहे हे पाहायचे, कोणता गुण त्याचा स्वतःचा आणि कोणता साऱ्या वीरजातीचा सामायिक हे निवडून काढायचे. याला समीक्षा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? फरक एवढाच की, समीक्षकाचे मत प्रतिकूल पडले तर फार तर एखादा कवी रुसतो. न्यायमूर्तींचे मत पडले म्हणजे छापखाना थांबतो.

माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. मॅट्रिकनंतर मी मास्तरकी धरली आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या, एवढेच माझे भांडवल. पण बोईसरच्या ज्या वर्गापुढे मी रोज उभा राहतो त्यात तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची मुले आहेत. कोणाच्या घरी भोजपुरी, कोणाच्या घरी ओडिया, कोणाच्या घरी वारली बोली. या सगळ्यांच्या ओळखीची अशी सामायिक माणसे कोण, म्हणून विचाराल तर ती माझ्या क्रमिक पुस्तकातली नव्हेत. चित्रकथेतून निघून व्हिडिओ गेममध्ये जाऊन बसलेले वीर हीच ती माणसे. तेव्हा या वीरांचा धनी कोण, हा प्रश्न मला केवळ वकिलांचा वाटत नाही.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण नागराजचे. दिल्लीच्या राजा पॉकेट बुक्सने १९८६ साली हा हिरव्या कांतीचा, सापांना अंगात वागवणारा वीर बाजारात आणला आणि रेल्वे स्टेशनांवरच्या दुकानांतून तो हिंदी मुलखाबाहेरही पोहोचला. पालघरच्या फलाटावर तो मीही विकत घेतलेला आहे. पुढे राधा पॉकेट बुक्स या दुसऱ्या प्रकाशनाने ‘नागेश’ काढला. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल १९९७ च्या न्यायवृत्तांत छापलेला आहे. न्यायालयाने काय केले? आधी नावाची फोड केली: राज म्हणजे राजा आणि ईश म्हणजेही स्वामी, तेव्हा दोन्ही नावे सापांच्या राजाचीच झाली. मग वेश पाहिला: दोघांचेही अंग हिरवे, सापाच्या कातडीसारखे भासणारे, कमरेला तांबडी चड्डी, पट्ट्याच्या जागी साप. मग कर्तृत्व पाहिले: दोघेही साप सोडतात आणि सापांच्याच आधाराने भिंती चढतात. एवढे झाल्यावर नागेशला मनाई हुकूम मिळाला, यात नवल नाही.

या निकालाशी मी सहमत आहे. पण वेश जुळला म्हणून नव्हे. नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या देशात सापांचा राजा ही कल्पना कोणाच्या बापजाद्यांची मिरास नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात हेच सांगितले होते की, कल्पनेवर कोणाचा हक्क नाही, तिला दिलेल्या रूपावर असतो. आमच्या भाषेत बोलायचे तर बी कोणीही पेरावे, उभे पीक कापून नेऊ नये. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’ उचलून ‘झुंझारराव’ केला तेव्हा त्यांनी बी नेले आणि आपल्या मातीत वाढवले. नागेशच्या बाबतीत मला माती कुठे दिसत नाही. त्याचा हिरवा रंग खरवडून काढला तर खाली काय उरते, हा माझा साधा प्रश्न आहे, आणि उत्तर काहीच नाही असे येते. खरे म्हणजे हा प्रश्न नागराजलाही विचारला पाहिजे, आणि त्याच्याही कित्येक अंकांत फारसे काही उरत नाही, हे मी त्याचा जुना वाचक असूनही नमूद करून ठेवतो.

अमेरिकेत हा प्रश्न त्याआधी सत्तावन्न वर्षे विचारला गेला होता. सुपरमॅन १९३८ साली अवतरला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकाशकाने ‘वंडर मॅन’ काढला. १९४० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ठरवले की, अफाट बळाचा परोपकारी पुरुष ही जात सर्वांची आहे. पण त्या जातीतल्या एका विशिष्ट माणसाचे प्रसंग, त्याचा वेश, त्याची चित्रे जशीच्या तशी घेता येणार नाहीत. जात आणि व्यक्ती यांतली ही रेघ आमच्या कादंबरीसमीक्षेत पुष्कळांना अजून ओढता येत नाही.

इथे दोन हक्कांची गल्लत होते ती सोडवून घेऊ. कॉपीराइट हा लिहिलेल्या वा काढलेल्या वस्तूवरचा हक्क. त्याला मरण आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो आणि पुस्तक गावाच्या विहिरीसारखे सर्वांचे होते. ट्रेडमार्क हा दुकानाच्या पाटीवरचा हक्क. माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला ओळखू यावे एवढाच त्याचा मूळ हेतू, पण दर १० वर्षांनी फी भरत राहिले की तो अमर. लहानपणी रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये आपण वेताळ वाचला आहे. मुंबईहून १९६४ साली ती मालिका निघाली आणि १९९० साली बंद पडली. माझ्या हाती आली ती तिची उतारवयातली मळकी प्रत. त्या वेताळाचे गुपित वाचकांना आठवत असेल: बाप मेला की मुलगा तोच मुखवटा, तोच वेश चढवतो, आणि जंगलातले लोक समजतात की हा मरतच नाही. चित्रकथेतल्या वीरांचे ट्रेडमार्क अगदी असेच चालतात. आतला माणूस बदलतो, कंपनी विकली जाते, लेखक जातो, चित्रकार जातो. मुखवटा तोच राहतो.

आणि हा मुखवटा पहिल्यांदा ज्याने शिवला त्याचे काय होते? सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांनी आपला सगळा हक्क १९३८ साली १३० डॉलरला विकला. १९७५ साली, बराच गवगवा झाल्यावर, मालक कंपनीने त्यांना वर्षाला २० हजार डॉलर देण्याचे आणि त्यांची नावे छापण्याचे कबूल केले. नागराजचे पहिले रूप रेखाटणारा हात मराठी होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्रकथेत पुराणातली आणि इतिहासातली माणसे काढून त्यांची रेषा मुरलेली. नागराजच्या दंडाचा पीळ आणि उभे राहण्याची ऐट पाहा. त्यात अमर चित्रकथेतल्या देवादिकांची पैदास स्पष्ट दिसते. हा वीर ‘भारतीय’ वाटतो तो साप अंगावर आहेत म्हणून नव्हे, या रेषेमुळे. परंतु खटला झाला तो दोन प्रकाशकांत. आखाड्यात वादी आणि प्रतिवादी उतरले. ज्याच्या रेषेवरून हे रण माजले त्याला तिथे ना वादीचा मान ना प्रतिवादीचा.

केरळात मात्र एकदा चित्रकार स्वतः उभा राहिला. व्ही. टी. थॉमस, म्हणजे ‘टॉम्स’, यांची बोबन आणि मॉली ही दोन खट्याळ भावंडे ‘मलयाळ मनोरमा’च्या साप्ताहिकात वर्षानुवर्षे येत होती. १९८७ साली टॉम्स तिथून बाहेर पडले आणि दुसरीकडे तीच मुले काढू लागले. मालक म्हणाले, मुले आमची. १९८८ साली केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की, ही पात्रे नोकरीच्या आधीच टॉम्सच्या हातून जन्मलेली आहेत. त्यांना ती काढण्यापासून अडवता येणार नाही. चित्रकथेवरच्या साऱ्या निकालांत मला हा सर्वांत सुसंस्कृत वाटतो. पगार देणारा माणूस हाताचे श्रम घेतो, हाताची स्मृती घेऊ शकत नाही, इतका विचार त्यात आहे.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. तिथे पात्र नुसते पाहायचे नसते, मूल त्याच्या अंगात शिरून धावते. त्यामुळे मालकीचे भांडणही अधिक गुंतागुंतीचे होते. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे शिगेरू मियामोतो यांना ‘पॉपाय’ या प्रसिद्ध चित्रकथेवर खेळ करायचा होता. परवानगी जमली नाही. ज्या किंग फीचर्सचा वेताळ आपल्याकडे आला, पॉपायही त्यांच्याच गोठ्यातला. मग मियामोतोंनी तीच त्रिकूट-रचना ठेवून माणसे बदलली: दांडग्या ब्लूटोच्या जागी गोरिला, पॉपायच्या जागी एक बुटका सुतार, ऑलिव्हच्या जागी एक तरुणी. तो खेळ ‘डाँकी काँग’, आणि तो सुतार पुढे ‘मारिओ’ या नावाने जगभर गाजला. कुंपण आडवे आले म्हणून वाट वळली आणि वळणावर नवेच गाव लागले, असा हा प्रकार आहे. परवानगी मिळाली असती तर मारिओ जन्मलाच नसता.

पण भांडणातून सुटका नव्हती. १९८२ साली युनिव्हर्सल ही चित्रपट कंपनी पुढे आली आणि म्हणाली, गोरिला आमच्या ‘किंग काँग’चा. चौकशीत असे निघाले की, याच कंपनीने थोडी वर्षे आधी दुसऱ्या एका खटल्यात, किंग काँगची कथा आता कोणाच्याच मालकीची उरलेली नाही, हे स्वतःच सिद्ध केले होते! गरजेला गोरिला सर्वांचा आणि वसुलीला आपला. १९८३ मध्ये युनिव्हर्सल हरली, १९८४ मध्ये अपिलातही हरली. चिं. वि. जोशी असते तर गुंड्याभाऊंना या खटल्यात साक्षीदार म्हणून नक्की उभे केले असते.

तथापि चित्रकथेचा मालक आणि खेळाचा मालक यांचा खरा आमनासामना झाला तो मार्व्हलच्या दाव्यात. एप्रिल २००४ मध्ये कोरियाच्या एनसीसॉफ्टने ‘सिटी ऑफ हीरोज’ नावाचा खेळ सुरू केला. तो रचला होता कॅलिफोर्नियाच्या क्रिप्टिक स्टुडिओजने. महिना वर्गणी भरायची आणि एका मोठ्या शहरात आपला वीर घेऊन हिंडायचे. हा वीर प्रत्येकाने स्वतः घडवायचा: अंग केवढे, रंग कोणता, नखे की पंख, सारे पेटाऱ्यातून निवडून घ्यायचे. लोकांनी काय केले असेल ते सांगायला नको. काहींनी अगदी नवे वीर केले आणि पुष्कळांनी हिरवा धिप्पाड हल्क आणि नखे काढणारा वुल्व्हरिन केला. नोव्हेंबर २००४ मध्ये मार्व्हलने कॅलिफोर्नियात दावा लावला की, हा पेटारा म्हणजे आमच्या वीरांची नक्कल करण्याचे यंत्रच आहे.

दिवाळीत घराच्या अंगणात मुले किल्ला करतात. त्याची उपमा इथे चपखल बसेल असे वाटते. माती विकणाऱ्याला कोणी विचारत नाही की, तुझ्या मातीतून पोरांनी सिंहगड केला की राजगड. मार्व्हलचा दावा मातीवाल्यावर होता. पण वाचकहो, थोडे थांबले पाहिजे, कारण मार्व्हलची बाजू अगदीच पोकळ नव्हती. हा मातीवाला नुसती माती विकून मोकळा झालेला नव्हता. किल्ले त्याच्याच अंगणात उभे होते, आणि अंगणात येण्याचे तो दरमहा पैसे घेत होता. कोणाच्या तरी वीराच्या ओढीने माणसे त्या अंगणात येत असतील, तर त्या ओढीतला वाटा मागणे अन्यायाचे म्हणता येणार नाही. मी न्यायासनावर असतो तर या मुद्द्यावर बराच वेळ घालवला असता.

मार्व्हलने ती संधीच दवडली. पुरावा म्हणून त्यांनी खेळातल्या नकली वीरांची चित्रे जोडली होती. त्यांतली काही त्यांच्याच माणसांनी खेळात शिरून घडवलेली निघाली. चोर दाखवण्यासाठी आपणच ऐवज नेऊन ठेवल्यासारखे झाले. मार्च २००५ मध्ये न्यायालयाने ती चित्रे पुराव्यातून काढून टाकली आणि दाव्याचे काही भागही फेटाळले. उरलेला भाग चालू राहिला आणि डिसेंबर २००५ मध्ये उभय पक्षांनी आपसांत मिटवून घेतले. वीर घडवण्याचा पेटारा जसाच्या तसा राहिला. पुढची गंमत ऐका: ज्या क्रिप्टिकवर दावा लावला त्यांच्याकडेच मार्व्हलच्या वीरांचा नवा खेळ करण्याचे काम २००६ साली जाहीर झाले. तोही २००८ मध्ये बारगळला. हात चांगला आहे हे मार्व्हलला खटल्यात कळले असावे! ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ साली एनसीसॉफ्टने बंद केला. पण खेळणाऱ्यांनी तो सोडला नाही, आपल्या हिमतीवर तो पुन्हा उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. मूळ मालकाने मोडलेला किल्ला पोरांनी राखला, असे क्वचितच घडते.

या खटल्यातून निकाल निघाला नाही याची मला हळहळ वाटते. खेळणाऱ्याने घडवलेला वीर कोणाचा, त्याचा, खेळाच्या मालकाचा की ज्याची आठवण त्यात आहे त्या जुन्या कंपनीचा, याचे उत्तर तिथे मिळू शकले असते. तडजोडीत पैसे वाचतात, तत्त्व राहून जाते.

खेळ हा टीकेचाही प्रकार होऊ शकतो, हे आपल्या दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये ओळखले. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्रकासवांना धोका आहे, असे म्हणत ग्रीनपीसने एक चिमुकला खेळ काढला. त्यात कासवाला ज्या राक्षसांपासून पळायचे असते त्यांच्या अंगावर टाटांचे ते वर्तुळातले अक्षर होते, जे आपण ट्रकच्या नाकावर रोज पाहतो. टाटांनी १० कोटी रुपयांची भरपाई आणि मनाई मागितली. न्यायालयाने मनाई नाकारली. कासवाची बाजू खरी की बंदराची, तो प्रश्न निराळा. पण पाटी लावून बसलेल्याला पाटीवरून केलेली थट्टाही थोडी सोसावी लागते, हे तत्त्व मला समीक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. टीकेसाठी नाव घ्यावेच लागते.

इतके वाचून कोणी म्हणेल, मास्तर, पालघर जिल्ह्यात बसून तुम्हाला मार्व्हलची काळजी कशाला? तर आमच्याच डहाणू-तलासरीकडे चला. लग्नाच्या चौकात सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघाट देवी काढतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो. तो माणूस कोणी प्रथम काढला? त्याला जन्मतारीख नाही, लेखक नाही, म्हणून कॉपीराइट नाही. आणि कोणा एकाचे दुकान नाही, म्हणून पाटीही नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो माणूस भिंतीवरून कागदावर आणला, जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर तो माणूस कपबशीवर, साडीवर, विमानतळाच्या भिंतीवर, कुठे कुठे गेला याची मोजदाद नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शन मिळाले. तेणेकरून ‘वारली’ हे नाव राखता येते, त्रिकोण राखता येत नाहीत. हिरव्या चड्डीबहाद्दरांसाठी कायद्याने दोन-दोन कुलपे केली. हजारो भिंतींवर नाचणाऱ्या माणसाला एक कडी मिळाली. ही कडी वाईट नाही. पण उद्या कोणी परदेशी कंपनीने त्या त्रिकोणी माणसाला गेममध्ये पळवले, तर ज्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या काढला त्यांच्या पदरात काय पडेल, हे मला सांगता येत नाही.

आमच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने चित्रकथा दिली. नायक नखशिखांत स्पायडरमॅन. फक्त जाळे टाकायचे ते हातातून नव्हे, तारप्यातून. एक सहकारी म्हणाले, हे घेऊ नका, उद्या नोटीस येईल. नोटीस एकुलत्या एका वहीला येत नाही, हे मला ठाऊक होते; तरी मी ती परत केली, निराळ्या कारणासाठी. त्याला म्हटले, “बाबा रे, तारपा तुझा आहे. बाकीचे कोणाचे?” नक्कल करण्यात पाप नाही. पाटीवर गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही आणि दुसऱ्याचा वीर काढल्याशिवाय आपला येत नाही; चोरी दुकानात होते, पाटीवर होत नाही. पण गिरवणे कुठेतरी थांबावेही लागते, आणि तिथे मुलाला मियामोतोंची गोष्ट सांगण्याइतके सोपे औषध नाही.

पंधरा दिवसांनी तो नवे पान घेऊन आला. वेश गेला होता. आता नायिका होती, त्याच्या आजीसारखी चुंबळ डोक्यावर घेतलेली, आणि तिला शक्ती मिळाली होती तारापूरच्या अणुवीज केंद्रामागच्या खाडीतून. १९६९ पासून हे केंद्र आमच्या शेजारी आहे; अमेरिकेतल्या चित्रकथांचे अर्धे वीर किरणोत्सर्गातून निघाले आणि आमच्याकडून इतक्या वर्षांत एकही निघाला नव्हता, ही उणीव त्याने भरून काढली. चित्र कच्चे आहे, हात अजून स्पायडरमॅनचेच आहेत. पण आजी कोणाचीही नक्कल नाही. पानाच्या खाली त्याने आपले नाव घातले आहे, आणि तारप्याचा आकार ज्याच्या घरच्या भिंतीवरून घेतला त्या मामाचेही. गोष्टीचा दुसरा भाग सहामाही संपल्यावर देतो म्हणाला आहे.